रविवारची कवळी

व्रेनी प्रायसिगच्या घरात प्रत्येक वस्तू दोनदा होती, एक वापरायची आणि एक दाखवायची. रोजच्या कपांचे कान तुटलेले असायचे आणि काचेच्या कपाटात सोनेरी काठाचे बारा कप वर्षानुवर्षं नुसते बसून असायचे. चादरी, टॉवेल, पडदे, एप्रन, सगळ्याची तीच गत. पाद्री किंवा गुरांचा डॉक्टर फाटकाशी दिसला, की ही बाई डोळ्याचं पातं लवायच्या आत रोजचं घर उचलून आत टाकायची आणि रविवारचं घर मांडून मोकळी व्हायची. आमच्या उर्नेश गावात लोक म्हणायचे, हिला दोन नवरे असते तर एक हिने नक्की कपाटात ठेवला असता. नवरा एकच होता, रुएडी. कवळ्या मात्र त्याच्या दोन होत्या, आणि ही हकिगत त्या कवळ्यांची आहे.

आमच्या डोंगरात त्या काळी लग्न ठरलं की आधी दातवाल्याकडे जायचं. नवऱ्या मुलाचे आणि नवरीचे उरलेसुरले दात, किडके असोत की धड, सगळे उपटून कवळी बसवून घ्यायची. संसारात पुढे दातदुखीची कटकट नको, एवढाच विचार. धर्मपित्याने कवळी भेट दिली म्हणजे त्याने पोराचं भलं केलं, असं मानायचे. शहरातली माणसं आज हे ऐकून तोंडावर हात ठेवतात, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. रुएडीचे दात बाविसाव्या वर्षी गेले, व्रेनीचे एकोणिसाव्या. लग्नाच्या जेवणात दोघांच्याही हिरड्या ठणकत होत्या, त्यामुळे पाहुणे मांसावर ताव मारत असताना नवरा-नवरी शेजारी शेजारी बसून सूप पीत होते.

ती लग्नातली कवळी रुएडीने पंचवीस वर्षं वापरली. ती पिवळी पडली, झिजली, दोनदा मोडली आणि दोनदा चिकटवली गेली. पुढच्या एका दाताचा कोपरा उडालेला होता. रुएडीला त्याचं काही नव्हतं, व्रेनीला होतं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिने त्याला गावातल्या दातवाल्यासमोर नेऊन बसवलं आणि नवी कवळी करवून घेतली. पांढरीशुभ्र, एकसारखी, जाहिरातीतल्या माणसाची असते तशी. रुएडीने ती तोंडात घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाला, "छान आहे." त्या दिवसापासून ती चर्चसाठी, सणासुदीसाठी, बारशा-लग्नांसाठी आणि फोटोसाठी. गोठ्यात आणि स्वयंपाकघरात जुनी. रुएडी मुळात तोंड कमी उघडणारा गडी, त्यामुळे नवी कवळी त्याला कशी बसते हे व्रेनीने कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही.

तोंड उघडायचा तो फक्त गायला. नववर्ष आमच्याकडे दोनदा येतं. एकदा सगळ्या जगाबरोबर, आणि मग तेरा जानेवारीला आमचं जुनं, पूर्वीच्या पंचांगातलं. त्या दिवशी सहा-सहा पुरुषांच्या टोळ्या मुखवटे चढवून, अंगावर जड घंटा बांधून बर्फातून घरोघर जातात. दारात गोल करून उभ्या राहतात आणि झॉयरली गातात. झॉयरलीला शब्द नसतात. एक जण सूर उचलून वर नेतो, बाकीचे खाली तो धरून राहतात. गाणं झालं की घरधनी मुखवट्याच्या भोकातून नळीने त्यांना वाइन पाजतो. आत कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी नाव घेत नाही. रुएडी त्याच्या टोळीत सगळ्यांत पुढे, बाईचा झगा घालून, छातीपाठीवर गोल घुंगरांचे पट्टे बांधून चालायचा, आणि सूर तोच उचलायचा. वर्षभर मुका वाटणारा हा माणूस त्या दिवशी असा काही गायचा की म्हाताऱ्या बाया दारातच डोळे पुसायच्या. व्रेनीही पुसायची, पण आत जाऊन.

तर एका नोव्हेंबरात, संध्याकाळच्या धारेला, ब्रूनी नावाच्या गायीने रुएडीला लाथ मारली. गाय गरीब होती. सड दुखावलेलं होतं आणि रुएडी ते बघायला वाकला होता. त्याचा चेहरा बरोबर खुराच्या समोर आला, एवढंच. व्रेनी दुधाची भांडी घेऊन आत आली तेव्हा तो पेंढ्यावर गुडघ्यांवर बसलेला होता आणि तोंडातून-नाकातून रक्त गळत होतं. उताणा झोपला असता तर रक्त घशात जाऊन तिथेच संपला असता, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण तो वाकून बसून राहिला.

रुग्णवाहिका त्याला झांक्ट गालन शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. व्रेनीला बरोबर जायचं होतं, पण निम्म्या गायी धारेच्या राहिल्या होत्या आणि शेजारी अजून पोचले नव्हते. तिने रडत रडत धारा काढल्या. पेंढ्यात तिला जुनी कवळी सापडली. खालची अख्खी होती, वरचीचे दोन तुकडे झाले होते. तिने ती पंपाखाली धुतली, फडक्यात गुंडाळली आणि शिधा ठेवायच्या कपाटात अगदी मागे, मिठाच्या बरणीआड ढकलून दिली. त्या घडीलाही तिच्या मनात आलं, की शेजारणीच्या नजरेला हे पडायला नको.

इस्पितळात तिने रुएडीला पाहिलं तेव्हा ओळखायला वेळ लागला. डोकं भोपळ्याएवढं सुजलेलं, डोळे मिटून गेलेले, दाढी काढून टाकलेली. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी घातली होती, त्यामुळे आवाज नव्हता. शुद्धीत मात्र होता. परिचारिकेने त्याला खूण शिकवली होती. हात एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर लुट्झ उंच, वाकलेले आणि कायम घाईत असायचे. त्यांनी व्रेनीला क्ष-किरणांच्या फोटोसमोर उभं केलं.

"हे बघा, चेहऱ्याचा मधला भाग कवटीपासून सुटलाय. सगळाच्या सगळा. हाताने धरला तर हलतो. कपाळाचं हाड इथे आत गेलंय. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय. मेंदूला फार धक्का नाही, हे नशीब."

"म्हणजे बरा होईल?"

"सूज उतरली की करू. या कानापासून त्या कानापर्यंत डोक्याची कातडी उघडायची, ती खाली घ्यायची आणि कपाळापासून एकेक हाड उचलून जागेवर आणायचं. बारीक पट्ट्या आणि स्क्रू लावून धरून ठेवायचं. ते जमतं आम्हाला. प्रश्न असा आहे की जागेवर म्हणजे कुठे?" डॉक्टरांनी स्वतःचे दात एकमेकांवर दाबून दाखवले. "दात असले की काम सोपं. वरचे-खालचे दात एकमेकांत बसवले की जबडा कुठे होता ते दातच सांगतात. तुमच्या नवऱ्याला दात नाहीत. फोटो आहे का एखादा, दाढी नसलेला?"

व्रेनीने विचार केला. घरातल्या प्रत्येक फोटोत एक तर दाढी होती, नाही तर मुखवटा. लग्न झाल्यापासून त्याची हनुवटी तिनेच पाहिली नव्हती. "नाही," ती म्हणाली.

"मग कवळी आणा. रोज वापरतात ती. उद्याच आणा. कवळीच्या मापाने दोन्ही जबडे तारांनी बांधायचे आणि सहा आठवडे तसेच ठेवायचे. कवळी जशी बसेल तसा चेहरा बसेल."

आता इथे दुसऱ्या कुणी बाईने काय केलं असतं ते मला माहीत नाही. व्रेनीने घरी येऊन मिठाच्या बरणीआडचं फडकं बाहेर काढलं, ते पिवळे, डिंकाचे डाग पडलेले तुकडे उघडून बघितले आणि पुन्हा गुंडाळले. मोठं इस्पितळ, पांढऱ्या कोटातली एवढी माणसं, आणि त्यांच्यासमोर हे ठेवायचं? प्रायसिगांच्या घरात नवऱ्याला धड दातही मिळत नाहीत, असंच म्हणतील. तिने कपाटातून रविवारची कवळी काढली, घासून लखलखीत केली आणि इस्त्री केलेल्या रुमालात बांधून घेतली. दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला आपण नवी अंतर्वस्त्रं घालून पाठवतो, तसंच तिच्या लेखी हे होतं.

दुसऱ्या दिवशी रुएडीच्या खाटेभोवती डॉक्टर लुट्झ, दोन शिकाऊ डॉक्टर आणि परिचारिका उभी होती. डॉक्टरांनी कवळी प्रकाशात धरली.

"फारच कोरी दिसते. हीच रोज वापरतात?"

"हो," व्रेनी म्हणाली. "हीच."

"जेवताना, काम करताना, हीच?"

"हीच म्हटलं ना. आमच्याकडे सगळं नीट ठेवतात."

डॉक्टरांचं समाधान झालं नसावं. त्यांनी कवळी रुएडीच्या हातात ठेवली आणि वाकून मोठ्याने विचारलं, "प्रायसिग, ही तुमची रोजची कवळी ना?"

रुएडीला दिसत नव्हतं. त्याने ती बोटांनी फिरवली, दातांवरून अंगठा नेला, पुन्हा परत आणला. बराच वेळ गेला. एक शिकाऊ डॉक्टर घड्याळाकडे बघू लागला. मग रुएडीने दुसऱ्या हाताने परिचारिकेचा हात एकदा दाबला.

"झालं तर," डॉक्टर म्हणाले आणि कवळी खाली तंत्रज्ञाकडे पाठवून दिली.

पुढचे दिवस घरी गोठ्याचं काम बाल्झने अंगावर घेतलं. बाल्झ म्हणजे टोळीतला सगळ्यांत मागचा गडी, रुएडीचा शाळेपासूनचा दोस्त. बोलायला लागला की थांबायचा नाही. दोघांची जोडी त्यामुळेच टिकली होती, असं लोक म्हणायचे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सकाळच्या धारा झाल्यावर तो स्वयंपाकघरात कॉफी प्यायला बसला.

"उद्या कापणार म्हणजे," तो म्हणाला. "धातूच्या पट्ट्या लावणार ना? आता विजा चमकल्या की त्याच्यापासून लांब उभं राहायचं."

"तुझ्या डोक्यात नाही तरी काय आहे," व्रेनी म्हणाली. "विजेला तिथे काही सापडायचं नाही."

बाल्झ हसला. मग जरा गंभीर झाला. "गाता येईल का गं त्याला?"

"डॉक्टर म्हणतात, कवळी जशी बसेल तसा जबडा बसेल. कवळी दिलीय मी."

"मग काळजी नाही. ती पिवळी वाचली म्हणजे. मला वाटलं लाथेसरशी तिचा भुगा झाला असेल."

व्रेनी चुलीपाशी उभी होती, ती वळली. "पिवळी कशाला? चांगली दिलीय. पांढरी."

बाल्झने कप खाली ठेवला. "पांढरी? अगं, पांढरी घालून तो गात नाही."

"गेली पाच वर्षं माझ्या दारात गातोय की."

"मुखवट्यामागे काय आहे ते तुला काय दिसतंय? दर वर्षी घरातून निघाला की तुमच्याच खळ्यामागे उभा राहून पांढरी काढतो, खिशात टाकतो आणि पिवळी घालतो. पांढरीने जबडा मागे जातो म्हणतो. पहिल्या वर्षी एकदा गायलाय तो पांढरी घालून, ओटमारांच्या दारात. सूर वर गेला आणि नुसती किटली वाजायला लागली. आम्ही घंटा बडवून झाकलं ते."

"मला कधी बोलला नाही."

"तुला कसा बोलेल? तू हौसेने करून दिलेली. त्यांच्यात मागचे दातसुद्धा नीट टेकत नाहीत. चर्चमध्ये तो भजनाला नुसते ओठ हलवतो, तुझ्या लक्षात नाही आलं?"

नव्हतं आलं. व्रेनीने बाल्झचा अर्धा भरलेला कप उचलून मोरीत ओतला, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं. मग तिला राग आला. आधी बाल्झचा, मग नवऱ्याचा आणि शेवटी जाऊन स्वतःचा, आणि तो मात्र राहिला. एप्रन न बदलताच तिने मिठाच्या बरणीआडचं फडकं घेतलं आणि गाडी गाठायला उताराने पळत सुटली. तिच्या जन्मात ती पहिल्यांदाच गोठ्याच्या कपड्यांत शहरात गेली.

डॉक्टर लुट्झ शस्त्रक्रियागृहात होते. ती दुपारभर बाकड्यावर बसली. येणारी-जाणारी माणसं तिच्या बुटांकडे बघत होती, आणि तिला ते कळत होतं. मनात एकदा आलंही, की उठून जावं. पांढऱ्या कवळीवर चेहरा बसला तर तो दिसायला वाईट दिसणार नव्हता, कदाचित जास्तच चांगला दिसला असता. खाता-पिता आलं असतं, आणि तिने खोटं सांगितलं हे इस्पितळात कुणाला कळलं नसतं. फक्त रुएडी पुन्हा गायला नसता. तोही त्याबद्दल काही बोलला नसता, आणि तेच तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

डॉक्टर आले ते त्याच दोन शिकाऊ डॉक्टरांना घेऊन. व्रेनीने त्यांना बाजूला बोलावलं नाही. तिथेच, सगळ्यांसमोर फडकं उघडलं.

"ही त्याची रोजची. काल मी खोटं बोलले. काल नाही, त्या दिवशी. ती पांढरी फक्त रविवारची."

डॉक्टर आधी तुकड्यांकडे, मग तिच्याकडे बघत राहिले. "बाई, आमचा माणूस दोन दिवस त्या कवळीवर काम करतोय. भोकं पाडून झालीत. उद्या सकाळी मी त्यांना टेबलावर घेणार होतो."

"माहीत आहे."

"मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं."

"हो, दोनदा विचारलंत. मी दोन्ही वेळा खोटं सांगितलं." तिने फडक्याची टोकं सरळ केली. "आमच्याकडे कुणी मोठं माणूस आलं की मी चांगली वस्तू काढते, डॉक्टरसाहेब. मला दुसरं काही सुचलंच नाही. मला या तुकड्यांची लाज वाटली."

डॉक्टर चांगलेच चिडले होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. पण त्यांनी तुकडे जोडून धरले, खालची कवळी त्यावर टेकवली आणि चिडणं विसरून ते तिथेच खिडकीशी गेले. दात झिजून एकमेकांत असे बसले होते की हाताने हलवलं तरी दुसरीकडे सरकत नव्हते. त्यांनी तंत्रज्ञाकडून पांढरी आणवली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. "बघा," ते शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले. "इथला जबडा आणि इथला जबडा. करंगळीच्या जाडीएवढा फरक आहे. उद्या आपण एका वेगळ्याच माणसाचा चेहरा बसवला असता." मग व्रेनीकडे वळून म्हणाले, "पण त्यांनीही हो म्हटलं होतं."

"गुंगीत असेल," व्रेनी म्हणाली.

"असेल. औषधं जड आहेत."

शस्त्रक्रिया एक दिवस पुढे गेली. तंत्रज्ञाने पिवळी कवळी तिसऱ्यांदा जोडली आणि पुढचे दात कापून तिच्यात एक फट ठेवली, नळीने पातळ अन्न घालण्यासाठी. मग रुएडीला सकाळी आत नेलं आणि बाहेर आणलं तेव्हा दिवे लागले होते. डॉक्टरांनी डोक्याची कातडी उघडून कपाळाचं आत गेलेलं हाड बाहेर घेतलं, डोळ्यांच्या खोबण्या बांधल्या, गालांची हाडं उचलून पुढे आणली, आणि शेवटी सुटलेला मधला भाग कवळीच्या सांगण्याप्रमाणे खालच्या जबड्यावर आणून बसवला. कवळी गालांच्या हाडांना आणि जबड्याला तारांनी बांधून टाकली. बाहेर येऊन ते व्रेनीला म्हणाले, "बसलं. कुलपात किल्ली बसावी तसं बसलं." एवढं बोलून ते भिंतीला टेकून उभे राहिले. त्या माणसाने दिवसभर काही खाल्लेलं नव्हतं.

गळ्यातली नळी पुढे काही दिवसांनी काढली. तोंड बांधलेलंच होतं. रुएडी घरी आला आणि सहा आठवडे सूप, दूध आणि गाळलेली लापशी नळीने ओढत राहिला. बाल्झ रोज येऊन बसायचा. "तुला काय त्याचं," तो म्हणायचा. "तीस वर्षं नळीने पिण्याची तालीम केलीस. दुसरा कुणी असता तर उपाशी मेला असता." रुएडी नाकातून हसायचा आणि कपाळाला हात लावायचा, कारण हसलं की दुखायचं.

तारा काढल्या त्या जुनं नववर्ष यायच्या थोडे दिवस आधी. सूज गेली होती. नाक रुंद झालं होतं, उजवा डोळा केसभर खाली होता, आणि केसांतून या कानापासून त्या कानापर्यंत एक रेघ गेली होती. हनुवटी मात्र नीट होती, किंचित पुढे आलेली. व्रेनी चोरून तिच्याकडे बघायची. जेवताना जबडा बरोबर मिटायचा. गाण्याचं मात्र त्याने नाव काढलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की जबडा बसवला तो बसवला, पण कपाळाच्या आणि गालांच्या आतल्या पोकळ्या मोडून गेल्या होत्या, आवाजाचं ते काही सांगू शकत नव्हते. रुएडी गोठ्यात एकटा असायचा तेव्हा व्रेनी दाराबाहेर उभी राहून कान द्यायची. बादल्यांचा आवाज यायचा, दुसरा कसला नाही.

तेरा जानेवारीला जड टोप, मुखवटा आणि घंटा घालायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. टोळी पाचच जणांची निघाली. रुएडीच्या जागी दुसरा कुणी घेतला नाही, पुढची जागा मोकळी ठेवूनच ते चढण चढून आले. त्या वर्षी रुएडी पहिल्यांदाच स्वतःच्या घराच्या दारात घरधनी म्हणून उभा होता, हातात वाइनची बाटली आणि नळी घेऊन. खालच्या घरातले शेजारीही अंगणाच्या कडेला येऊन थांबले होते.

पाच जणांनी गोल केला. मागच्या मुखवट्याने, म्हणजे बाल्झने, पहिलं झॉयरली उचललं. बरं झालं. घंटा वाजल्या. दुसरंही त्यानेच उचललं, ते जरा घसरलं. पुन्हा घंटा वाजल्या आणि थांबल्या. तिसरं कुणीच उचललं नाही. पाच मुखवटे नुसते उभे राहिले. श्वासाची वाफ भोकांतून बाहेर येत होती. कुणी कुणाकडे बघेना, कारण मुखवट्यात नुसती मान वळत नाही, आणि अंग वळवलं की घंटा वाजतात.

रुएडीला कळलं. त्याने बाटली पायरीवर ठेवली. पहिला सूर फाटला, ओल्या लाकडासारखा. तो थांबला, थुंकी गिळली, पुन्हा लावला. या वेळी सूर लागला आणि राहिला. पूर्वीपेक्षा जरा दबलेला होता, पण वर जाताना कुठे अडकला नाही, आणि खाली पाच आवाज त्याला धरून उभे राहिले. तोंड उघडं होतं. पिवळे दात, मध्ये बुजवलेली गुलाबी फट, डिंकाच्या रेघा, सगळं भर उजेडात, शेजाऱ्यांच्या देखत. व्रेनी त्याच्या शेजारीच उभी होती. ती आत गेली नाही. तिथेच उभी राहून ती रडली, आणि डोळे पुसायचंही तिला सुचलं नाही.

टोळी वाइन पिऊन, हात मिळवून पुढच्या घराकडे गेली. घंटांचा आवाज खाली उतरत गेला. दोघं स्वयंपाकघरात येऊन बसली. व्रेनीने कॉफी आणि पाव ठेवला आणि उभ्यानेच बोलायला सुरुवात केली, कारण बसली असती तर बोलली नसती.

"मी तुला एक सांगितलं नाही. डॉक्टरांना मी आधी पांढरी दिली होती. रोजची म्हणून."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं? बाल्झने?"

"हातात दिली होती ना त्यांनी माझ्या. अंगठा लावला. एक खाच नाही कुठे."

व्रेनीने खुर्ची ओढली. "तू शुद्धीत होतास?"

"होतो की."

"मग हात एकदाच का दाबलास? दोनदा दाबायचा ना, गाढवा."

रुएडीने खांदे उडवले. "तू हो म्हणून बसली होतीस. एवढ्या लोकांसमोर तुला खोटी कशी पाडू?"

"आणि गाणं?"

त्याने पावाचा कडक तुकडा कॉफीत बुडवला आणि तो मऊ व्हायची वाट बघत बसला.

"गाणं गेलं असतं," तो म्हणाला.